खलनायकाला न्याय

गोष्ट सांगणाऱ्यावर दोन ऋणे असतात. एक नायकाचे आणि दुसरे खलनायकाचे. पहिले ऋण बहुतेक कथाकार आनंदाने फेडतात. दुसरे फेडताना मात्र पुष्कळांचा हात आखडतो. खलनायक शेवटी हरायचाच आहे, मग त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे त्यांना वाटत असावे. परंतु नायकाची उंची ज्या मापाने मोजायची, ते माप खलनायकाजवळ असते. शत्रू जितका थोर, तितका विजय थोर. शत्रूला अखेरच्या क्षणी खुजा केला, तर त्याच्यावर विजय मिळविणाऱ्याची उंचीही तेवढीच उतरते.

जुन्या महाकवींना हे पक्के ठाऊक होते. वाल्मीकींचा रावण रणांगणावर पडतो, तेव्हा बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करण्यास स्वतः रामचंद्रच सांगतात. वैर मृत्यूबरोबर संपले, ही त्यांची भूमिका. व्यासांचा दुर्योधन मांड्या भंगून धुळीत पडतो, तरी त्याची वाणी भंगत नाही. आपल्या पक्षातील वीर कोणत्या कपटाने मारले गेले, याचा पाढा तो श्रीकृष्णासमोर वाचतो आणि आकाशातून पुष्पवृष्टी होते. अधर्माच्या बाजूने लढलेल्या माणसालाही त्याचे म्हणणे मांडू दिल्याखेरीज व्यासांनी त्याला मरू दिले नाही. त्यामुळे पांडवांच्या विजयावर जी एक करडी छाया पडली, ती त्यांनी पुसली नाही. कारण ती खरी होती.

हीच जाण लहान मुलांनाही असते. अंगणात राम-रावणाचा खेळ चालू असावा आणि रावण झालेल्या मुलाला बाण लागावा. तो कधी एकदम पडत नाही. तो छातीवर हात ठेवतो, दोन पावले मागे जातो, गर्रकन फिरतो, गुडघ्यावर बसतो, पुन्हा उठतो, काहीतरी घनगंभीर बोलतो आणि मग कुठे आडवा होतो. रामाची सेना तोवर निमूटपणे वाट पाहते. ‘लवकर मर’ असे त्याला कोणी म्हणत नाही. इतका वेळ ज्याने सर्वांना पळवले, घाबरवले, खेळात रंग भरला, त्याला मरण्यासाठी थोडा अवकाश मिळालाच पाहिजे, हा त्या खेळाचा अलिखित नियम आहे.

हा नियम मोडला म्हणजे काय होते, याचे एक बोलके उदाहरण सन 2012 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द डार्क नाइट राइझेस’ या इंग्रजी चित्रपटात सापडते. त्याचा नायक बॅटमन. सन 1939 मध्ये अमेरिकेतील एका चित्रकथा-मासिकात तो प्रथम अवतरला. इतर अतिमानवी वीरांप्रमाणे त्याला आकाशात उडता येत नाही, की त्याच्या अंगात दैवी बळ नाही. तो ब्रूस वेन नावाचा एक धनाढ्य पुरुष आहे. बालपणी त्याच्या डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झाला. त्या दुःखातून त्याने अन्यायाशी झुंजण्याचे व्रत घेतले. गॉथम या काल्पनिक नगरीत तो रात्री वटवाघळाच्या वेषात हिंडतो. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी त्याच्यावर 2005, 2008 आणि 2012 या वर्षी तीन चित्रपट काढले. प्राण न घेण्याचा नियम त्यांच्या या नायकाने मनोमन बाळगलेला आहे. दुसऱ्या चित्रपटातील जोकर हा खलनायक अखेरीस पकडला जातो, तो उंच इमारतीवर दोरीला उलटा टांगलेला, पण जिवंत आणि हसत हसत वाद घालणारा. त्याला आपले शेवटचे म्हणणे मांडता आले आणि ते म्हणणे प्रेक्षकांच्या कानांत घुमत राहिले. त्यामुळेच तिसऱ्या चित्रपटाच्या खलनायकाकडे सर्वांचे डोळे लागले होते.

त्या खलनायकाचे नाव बेन. चक डिक्सन, डग मेंच आणि ग्रॅहम नोलन या तिघांनी सन 1993 मध्ये चित्रकथेत तो निर्माण केला. (या ग्रॅहम नोलन यांचा दिग्दर्शक नोलन यांच्याशी नामसाम्यापलीकडे संबंध नाही.) मूळ कथेत बेनचा जन्मच कारागृहात झाला. त्याच्या बापाला जन्मठेप झाली होती. बाप निसटला आणि त्याच्या वाट्याची शिक्षा त्या निरपराध बालकाने भोगावी, असे तेथील क्रूर सत्तेने ठरवले. ज्या मुलाने आकाश नीट पाहिले नाही, त्याने त्या अंधारात ग्रंथ वाचले, शरीर कमावले आणि मन पोलादासारखे केले. बॅटमनचे गुपित त्याने स्वतःच्या बुद्धीने ओळखले. त्याला थकवण्यासाठी वेड्या गुन्हेगारांच्या कोठड्या फोडून त्याने त्यांना शहरात सोडले आणि तो पुरता दमल्यावर गुडघ्यावर आपटून त्याचा कणा मोडला. बळ आणि बुद्धी यांचा असा संगम बॅटमनच्या शत्रूंत विरळाच. त्याहून महत्त्वाचे हे, की त्याच्या दुष्टपणाच्या मुळाशी एक खरा अन्याय होता.

पुढे सन 1997 मध्ये ‘बॅटमन अँड रॉबिन’ या चित्रपटात बेन पडद्यावर आला. पण तेथे तो एका खलनायिकेच्या मागे गुरगुरत चालणारा धिप्पाड चाकर होता. बुद्धी गेली, दुःख गेले, उरले ते केवळ मांस. त्यामुळे 2012 साली टॉम हार्डी या नटाने ही भूमिका घेतली, तेव्हा बेनला त्याचे हरवलेले माणूसपण परत मिळेल, अशी आशा जाणत्या प्रेक्षकांना वाटली असल्यास नवल नाही.

चित्रपटाच्या पूर्वार्धात ती आशा काठोकाठ भरून येते. बेनच्या तोंडावर एक विचित्र मुखवटा आहे. जुन्या जखमांच्या असह्य वेदना त्यातून मिळणाऱ्या औषधी वायूने थोपवलेल्या आहेत. नटाचे ओठ दिसत नाहीत, चेहरा दिसत नाही. केवळ डोळे, खांदे आणि आवाज एवढ्या भांडवलावर हार्डी यांनी माणूस उभा केला आहे. आरंभीच्याच प्रसंगात तो कोसळणाऱ्या विमानात आपल्या एका अनुयायाला मागे थांबण्यास सांगतो. शत्रूला अवशेषांत एक प्रेत सापडलेच पाहिजे. तो अनुयायी विनातक्रार, जवळजवळ आनंदाने, मृत्यूला कवटाळतो. माणसे ज्याच्यासाठी अशी मरतात, तो केवळ गुंड असू शकत नाही, हे त्या एका क्षणात कळून चुकते. नंतर तो बॅटमनचा कणा मोडतो, शहराचे पूल उडवतो, क्रीडांगण जमीनदोस्त करतो आणि कारागृहाच्या दारात उभा राहून गॉथमच्या राज्यकर्त्यांनी आठ वर्षे दडवलेले एक असत्य भर लोकांत वाचून दाखवतो. ते असत्य खरोखरच असत्य असते! खलनायकाच्या मुखातून सत्य बाहेर पडते, तेव्हा कथेला धार चढते. श्रीमंतांच्या महालांत गरीब शिरतात. हे शहर कोणाचे, असा प्रश्न पडद्यावर उभा राहतो.

बेनचे शब्द कपटाचे आहेत, हेही चित्रपट लपवत नाही. शहराचा नाश अटळ आहे. लोकांना आशा दाखवायची ती त्यांचा अंत अधिक दुःखद व्हावा म्हणून, असे तो जखमी ब्रूसला स्वतःच सांगतो. पण मग एवढा द्वेष त्याच्या मनात आला कोठून? उत्तर म्हणून एका भीषण कारागृहाची कथा पुढे येते. हे कारागृह म्हणजे खोल विहिरीसारखा खड्डा. वर आकाशाचा गोल तुकडा दिसतो; चढण्याचा प्रयत्न कोणीही करावा, पण भिंत कोणाला चढता येत नाही. या खड्ड्याबाहेरचे दृश्य आपल्याच देशात, जोधपूरजवळ चित्रित केलेले आहे आणि दूरवर दिसणारा मेहरानगड भारतीय प्रेक्षकाला पाहताक्षणी ओळखू येतो. याच खड्ड्यात जन्मलेले एक बालक एकदा दोरीशिवाय ती भिंत चढून मुक्त झाले, अशी आख्यायिका कैदी सांगतात. ते बालक म्हणजे बेन, अशी प्रेक्षकाची समजूत करून दिली जाते. दुःखातून वर आलेला आणि वर येऊन दुःखच वाटणारा हा पुरुष प्रेक्षकाला भिववतो आणि त्याच वेळी त्याच्याविषयी करुणाही उपजवतो. भय आणि करुणा एकाच पात्राविषयी वाटणे, याहून मोठे यश खलनायकाला कोणते असणार?

आणि नेमके येथेच कथाकाराचा हात आखडतो. चित्रपट संपण्यास थोडाच अवधी उरला असताना गुपित उलगडते. खड्ड्यातून चढून गेलेले बालक बेन नव्हतेच. ती तालिया नावाची मुलगी होती. आजवर ब्रूसची मैत्रीण म्हणून वावरलेली हीच स्त्री साऱ्या कटाची सूत्रधार होती. पतीच्या वाट्याची शिक्षा तिच्या आईने पत्करली होती आणि त्या अंधारात तिचा जन्म झाला होता. म्हणजे मूळ कथेत जे दुःख बेनचे होते, दुसऱ्याच्या शिक्षेखाली कारागृहात जन्मण्याचे ते दुःख, अलगद उचलून दुसऱ्या पात्राच्या ओटीत घातले गेले. बेन उरला तो केवळ तिचा रक्षक. तो त्या खड्ड्यात कोणत्या अपराधासाठी पडला होता, अपराधी होता की निरपराध, हे चित्रपट सांगतच नाही. पंधरा वर्षांपूर्वी जे घडले होते, तेच पुन्हा घडले. बेन दुसऱ्यांदा कोणाचा तरी चाकर झाला.

त्याच्या मृत्यूची तऱ्हा तर याहून खेदकारक. मुखवटा फुटल्याने तो वेदनांनी विद्ध झालेला आहे. तालियाने आपली कहाणी सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी येते. तालिया निघून जाते. बेन बॅटमनवर बंदूक रोखतो. तोच सेलिना ही नायकाची साहाय्यक दुचाकीवरून येते आणि तिच्या वाहनावरील तोफेचा गोळा त्याला उडवून लावतो. तो दृष्टीआड फेकला जातो आणि कथेच्याही आड जातो. पाठोपाठ सेलिना बंदूक न वापरण्याच्या बॅटमनच्या नियमाविषयी एक विनोद करते. प्रेक्षागृहात हशा पिकतो. ज्याच्या पावलांच्या आवाजाने दोन तास छातीत धडकी भरत होती, त्याचे प्रेत पाहण्यासाठी कॅमेरा क्षणभरही थांबत नाही. अंगणातल्या रावणालाही याहून अधिक वेळ मिळतो.

या चित्रपटातच एक न्यायालयाचे दृश्य आहे. बेनच्या राजवटीत धनिकांना आणि अधिकाऱ्यांना तेथे उभे केले जाते. मात्र अपराध आधीच सिद्ध झाला आहे, येथे केवळ शिक्षा ठरवायची, असे न्यायासनावरून सांगितले जाते. शिक्षा दोनच : मृत्यू किंवा हद्दपारी. हद्दपारी म्हणजे गोठलेल्या नदीच्या पातळ बर्फावरून चालत जाणे; तोही मृत्यूच. या दृश्याने प्रेक्षकाच्या मनात संताप उत्पन्न होतो आणि तो व्हावा हीच दिग्दर्शकाची इच्छा आहे. परंतु पुढे जाऊन चित्रपट बेनला जो न्याय देतो, तो याहून वेगळा आहे काय? त्याचा अपराध ठरलेला आहे. त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही. केवळ शिक्षा तेवढी बजावायची उरते. ज्या न्यायासनाचा धिक्कार करायला कथेने शिकवले, त्याच न्यायासनावर कथा स्वतः जाऊन बसली.

याच कथेला एक चांगला गुरू उपलब्ध होता, म्हणून ही उणीव अधिक जाणवते. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या 1859 सालच्या कादंबरीची छाया या चित्रपटावर उघड आहे. स्ट्रायव्हर आणि बार्साड ही दोन पात्रांची नावे तिच्यातूनच आलेली आहेत आणि अखेरीस पोलीस आयुक्त गॉर्डन नायकाच्या थडग्यापाशी तिच्यातील शेवटच्या ओळी वाचतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्या कादंबरीतही एक खलनायिका आहे, मादाम दफार्ज. ती विणकाम करीत बसते आणि ज्यांचा नाश करायचा, त्यांची नावे आपल्या विणकामात गुंफते. तिच्याही पूर्वायुष्याचे गुपित उशिराच उलगडते. एका उमराव घराण्याने तिच्या बहिणीची विटंबना केली, भावाला मारले, सारे घर उद्ध्वस्त केले. पण हे गुपित तिच्याकडून काही हिरावून घेत नाही. ते तिला अधिक खोल करते. तिचे क्रौर्य क्षम्य ठरत नाही, परंतु ते कोठून आले हे कळते.

तिचा अंतही झटापटीत, अकस्मात, स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागून होतो. तरीही तो अंत उणा वाटत नाही. मिस प्रॉस नावाची एक साधीभोळी, प्रेमळ बाई तिला अडवते आणि त्या झटापटीत गोळी सुटते. मिस प्रॉस वाचते. पण त्या आवाजाने तिचे कान कायमचे जातात. पुढे आयुष्यभर तिला काहीही ऐकू येत नाही. डिकन्स यांनी खलनायिकेला आसवे अर्पण केली नाहीत. मात्र तिच्या मृत्यूची किंमत एका सज्जन बाईच्या कानांनी चुकती केली. माणसाचा जीव, मग तो दुष्टाचा का असेना, गेला म्हणजे जगात कोठेतरी काही कायमचे बदलते, हे त्यांनी त्या एका तपशिलाने सांगितले. बेनच्या मृत्यूने मात्र कोणाचेच काही जात नाही. सेलिनाच्या मनावर ओरखडा उठत नाही, बॅटमनला आपल्या मोडलेल्या नियमाची खंत वाटत नाही. कथेच्या वहीत त्या मृत्यूची नोंदच होत नाही.

या आक्षेपाला दुसरी बाजू नाही असे नव्हे. कोणी म्हणेल, तालियाच्या कहाणीमुळे बेन लहान झाला नाही, उलट माणूस झाला. त्या नरकात एका असहाय बालिकेचे रक्षण करणारा, त्यापायी स्वतःचा चेहरा गमावणारा आणि जन्मभर तिच्याशी निष्ठा राखणारा हा पुरुष क्रूर असूनही प्रेमाला पारखा नव्हता. त्या एका अश्रूत हे सारे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. किंबहुना, चित्रपटातील सर्वांत सुंदर क्षण तोच. पण म्हणूनच खेद द्विगुणित होतो. ज्या क्षणी या माणसाचे हृदय प्रथम दिसले, त्यानंतर दोन-चार मिनिटांतच त्याला कचऱ्यासारखे दूर भिरकावले गेले. हे प्रेम त्याला वाचवू शकले असते काय? ज्या बालिकेसाठी त्याने चेहरा दिला, तिनेच कोट्यवधींच्या संहाराला हात घालावा, याचे त्याला कधी दुःख झाले असेल काय? हे प्रश्न चित्रपटाने निर्माण केले. मात्र त्यांची उत्तरे देण्याइतका धीर त्याच्याजवळ उरला नव्हता.

एका काल्पनिक दुष्टासाठी एवढी हळहळ कशाला, असेही कोणी विचारील. बेन कधी जन्मला नाही आणि मेलाही नाही, हे खरे. परंतु कथा ऐकताना मनाला जे वळण लागते, ते काल्पनिक नसते. प्रत्येक समाजात, प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेतसुद्धा कोणीतरी एक ‘वाईट’ म्हणून ठरलेला असतो. वर्गातल्या दांडग्या मुलाने दौत सांडली, की त्याची चौकशी करण्याचे कारण कोणालाच वाटत नाही; अपराध ठरलेला, केवळ शिक्षा ठरवायची. त्याच्या दांडगाईमागे घरातले कोणते दुःख आहे, हे विचारण्याला वेळ लागतो आणि छडी उगारण्याला लागत नाही. विचारल्याने त्याचा दोष नाहीसा होतो असे नाही. सांडलेली शाई त्यालाच पुसावी लागेल. पण विचारणारा माणूस शिक्षा करतानाही माणूस राहतो आणि न विचारणारा हळूहळू दुष्टासारखाच होत जातो. कायद्याच्या राज्यात घोर गुन्हेगारालाही आपली बाजू मांडू देतात, यामागे याहून वेगळे तत्त्व नाही. ती सवलत गुन्हेगाराच्या योग्यतेमुळे मिळत नाही. न्यायाची योग्यता राखण्यासाठी ती द्यावी लागते.

चांगली कथा हे शिक्षण न शिकवता देते. ती दुष्टाला मोकळे सोडत नाही. मात्र त्याला ऐकून घेतल्यावाचून मारीतही नाही. ‘द डार्क नाइट राइझेस’ने जगभर अफाट लोकप्रियता मिळवली आणि तिच्यातील भव्यतेला ती शोभतेही. तरीही चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या कित्येकांच्या मनात नायकाच्या विजयाहून एक वेगळीच गोष्ट घर करून राहिली. ती होती मुखवट्यावरून दिसणाऱ्या दोन डोळ्यांची. त्या डोळ्यांना अजून काहीतरी सांगायचे होते आणि विनोदाच्या हशात ते ऐकायचे राहून गेले.